हलकी काडतुसं

मार्चमधल्या एका शनिवारी उल्का वॉशरमध्ये कपडे टाकत होती, तेवढ्यात शेजारच्या गॅरेजमध्ये काहीतरी सांडलं. तिनं दार उघडून पाहिलं. गिरीश सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकून बसला होता. त्याच्याभोवती शर्टाच्या बटणापेक्षाही लहान, चकचकीत टिकल्या पसरल्या होत्या आणि तो त्यातली एक उचलायचा प्रयत्न करत होता. टिकली चिमटीत यायची आणि हात वर जाईपर्यंत निसटायची. तो पुन्हा वाकायचा.

“थांब, मी झाडू आणते.”

“झाडू नको. प्रायमर आहेत ते, काडतुसाच्या बुडातले. घासले तर पेटतात. हातानंच उचलायचे, एकेक.” मग वर न बघताच तो म्हणाला, “ते बोटांत आलेत की नाही हेच मला कळत नाहीये, उल्का.”

केमोनं बोटं बधिर होतील, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. शर्टाची बटणं लावायला ती मदत करू लागली होती, फोनवर टाइप करताना त्याच्या चुका वाढल्या होत्या. पण हे असं जमिनीवर बसलेलं तिनं त्याला पाहिलं नव्हतं. ती त्याच्याशेजारी बसली आणि तिनं सगळे प्रायमर उचलून डबीत भरले. या घरात राहायला आल्यापासून गॅरेजच्या त्या कोपऱ्यात ती पहिल्यांदाच इतका वेळ थांबली.

गिरीश भंडाऱ्याचा, उल्का पुण्याची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोघं वर्क व्हिसावर अटलांटाला आले, जवळच अल्फारेटात घर घेतलं, मुलगी प्रीता इथेच जन्मली. ऑफिसातल्या डेल नावाच्या जॉर्जियाच्याच एका माणसानं गिरीशला एकदा क्ले शूटिंगला नेलं. यंत्रातून नारिंगी तबकडी हवेत सुटते आणि ती जमिनीवर यायच्या आत बंदुकीनं फोडायची. त्या दिवशी गिरीशनं काय फोडलं आणि काय चुकवलं कोण जाणे, पण तेव्हापासून रविवार सकाळ रेंजची झाली. मंडळाच्या गणपतीला तो उशिरा यायचा, कपड्यांना जळक्या दारूचा वास घेऊन. प्रीताच्या मैत्रिणी त्याला शिकारी काका म्हणायच्या. आणि सप्टेंबर आला की डेलच्या शेतावर होल्यांची शिकार. अमेरिकेत ज्याला डव्ह म्हणतात तो आपला होलाच, जरा लांब शेपटीचा.

उल्का शाकाहारी. तिची अट एकच होती, पक्षी घरात आणायचा नाही. गिरीशनं ती पाळली. त्याचे पक्षी डेलची बायको शिजवायची आणि तो तिथेच जेवून यायचा.

काडतुसं मात्र तो घरी भरायचा. रेंजवर उडवलेल्या रिकाम्या नळ्या पिशवीत गोळा करून आणायच्या आणि पुन्हा भरायच्या. सुरुवातीला तिनं विचारलं होतं, “विकत मिळत नाहीत का?”

“मिळतात की. पोळ्याही विकत मिळतात.”

“मी विकतच आणते.”

“म्हणून तर मी काहीतरी घरी करतो,” तो म्हणाला होता.

मार्चमधल्या त्या शनिवारी डबीचं झाकण लावता लावता ती म्हणाली, “दाखव मला.”

“काय?”

“कसं भरतात ते. तू खुर्चीवर बस आणि सांग.”

तो हसला. “पुण्याची मुलगी दारू भरणार.”

“गप्प बस आणि सांग.”

वर्कबेंचला एक लोखंडी प्रेस बोल्ट करून बसवलेला होता. लांब दांडा खाली ओढला की एक काम व्हायचं. आधी नळीच्या बुडातला जळका प्रायमर निघायचा, मग नवा बसायचा. मग मोजून दारू. तिच्यावर वॉड, म्हणजे प्लॅस्टिकची कपासारखी एक छोटी टोपी, आणि तिच्यात शिशाचे छर्रे. शेवटी नळीचं तोंड चुण्या घालून आत दुमडायचं, उकडीच्या मोदकाचं दुमडतात तसं. ते दुमडलेलं तोंड बघून उल्का म्हणाली, “हे मला येतं.”

ती एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची. काहीही दोनदा तपासल्याशिवाय पुढं सोडायचं नाही, हा तिचा स्वभावच. गिरीशनं त्याच्या जाड मॅन्युअलमधलं पान काढून दिलं आणि बजावलं, “यातलं प्रमाण एका कणानंही बदलायचं नाही. आणि दारू पडत असताना बोलायचं नाही. लक्ष उडालं की एखाद्यात दोनदा पडते, एखाद्यात पडतच नाही.”

त्यामुळे दोघं गप्प बसायचे. ट्रे भरला की ती हात पुसायची आणि मग बोलणं व्हायचं. प्रीताबद्दल, भंडाऱ्याच्या घराबद्दल, आणि कधी कधी पुढच्या स्कॅनबद्दल. स्वयंपाकघरात तो विषय काढायला दोघं घाबरत. गॅरेजमध्ये का कोण जाणे, जमायचं.

ज्या आठवड्यात केमो नसे, त्या रविवारी डेल त्याला रेंजवर घेऊन जायचा. केमोची सुई टोचायचं पोर्ट छातीत बसवताना गिरीशनं सर्जनला सांगून ते डाव्या बाजूला घ्यायला लावलं होतं, कारण बंदूक उजव्या खांद्याला टेकते. सर्जनला ते फार मजेशीर वाटलं होतं. पण खांद्यावर आता मांसच राहिलं नव्हतं. मे महिन्यात एकदा त्याच्या पाठीला तेल लावताना उल्काला खांद्याच्या पुढं तळहाताएवढा काळानिळा डाग दिसला.

“हे काय?”

“बंदूक मागं धक्का देते ना.”

“आधी नव्हतं होत असं.”

“आधी मी होतो तेवढा.”

दुसऱ्या दिवशी तिनं मॅन्युअल स्वतःच उघडलं. कमी दारू, कमी छर्रे, हलका धक्का. अशी प्रमाणंही त्यात छापलेली होती, नव्यानं शिकणाऱ्यांसाठी. तिनं गिरीशला पान दाखवलं. त्यानं चष्मा लावून वाचलं.

“चालेल. ही हिरव्या नळ्यांत भर. माझी नेहमीची लाल. मिसळायची नाहीत.” मग जरा थांबून म्हणाला, “आणि हिरवी फक्त क्लेसाठी. पक्ष्यासाठी नाही.”

“का?”

“तबकडीला एक छर्रा लागला तरी फुटते. पक्षी तसा मरत नाही. जखमी होऊन कुठंतरी जाऊन पडतो, तडफडत राहतो. तसं करायचं नसतं. मारायचं तर नीट मारायचं, नाहीतर बंदूक खाली ठेवायची.”

पक्षी मारण्याबद्दल इतक्या वर्षांत तो तिच्याशी एवढं बोलला नव्हता. ती फक्त “बरं” म्हणाली आणि हिरव्या नळ्या वेगळ्या काढल्या.

उन्हाळाभर तिनं हिरवी भरली. डाग फिका झाला. एका रविवारी डेलनं फोन करून सांगितलं, गिरीनं आज एकही तबकडी सोडली नाही, मॅम, यू शुड हॅव सीन हिम. त्या दिवशी गिरीश दोन पोळ्या जेवला. उल्काला वाटलं, आपण त्याच्यासाठी केलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच नेमकी लागू पडली.

ऑगस्टमधल्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, या औषधाचा आता उपयोग नाही. ह्यूस्टनला एका नव्या औषधाची ट्रायल सुरू होती, तिथं नाव देता येईल. दर आठवड्याला जावं लागेल, त्रास होईल, आणि किती फायदा होईल ते सांगता येत नाही.

उल्कानं त्याच दुपारी ह्यूस्टनला फोन केला. प्रीता शिकागोहून रोज विचारायची, “डिड ही से यस?” गिरीश हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

“डव्हचा पहिला दिवस होऊ दे,” तो म्हणाला. “मग सांगतो.”

“एका शिकारीसाठी थांबायचं?”

“एका शनिवारसाठी. मागतोय एवढंच, यार.”

ती थांबली. त्याच्यासाठी लाल काडतुसांचा एक डबा भरला, वर मार्करनं लिहिलं आणि गाडीत ठेवायला दिला. तो एकटा शेतात बसू शकणार नव्हता, म्हणून ती बरोबर जाणार होती. हे ठरल्यावर गिरीश लहान मुलासारखा खूश झाला. प्रीताची जुनी बेसबॉल कॅप त्यानं तिच्यासाठी शोधून काढली.

डेलचं शेत अटलांटाच्या दक्षिणेला, मेकनच्याही खाली. सूर्यफुलाचं पीक पट्ट्यापट्ट्यांनी कापलेलं, जमिनीवर बी सांडलेलं, आणि ते खायला होले येतात. पहिल्या दिवशी दुपारी बाराच्या आत बंदूक चालवायची नाही असा तिथला नियम. डेलनं गिरीशची घडीची खुर्ची गवताच्या एका मोठ्या गुंडाळीच्या सावलीत मांडली, पाण्याचा कूलर ठेवला आणि उल्काला म्हणाला, काही लागलं तर फोन कर, मी तळ्याच्या बाजूला आहे. त्याची लॅब्रॅडॉर कुत्री त्याच्यामागून गेली.

ऊन रणरणत होतं. बराच वेळ काहीच आलं नाही. मग लांबून बार ऐकू येऊ लागले आणि आकाशात राखाडी ठिपके वळणं घेत येताना दिसले. गिरीशनं बंदूक उचलली, पण पक्षी लांबून निघून गेले. दोनदा त्यानं उडवली आणि चुकली. उल्का पुस्तक घेऊन आली होती, ते उघडलंही नाही. ती त्याच्या मानेकडं बघत होती, कॉलरमध्ये सैल दिसणाऱ्या.

मग एक होला एकटाच आला. उंचावरून, तिरपा, वाऱ्यावर सरकल्यासारखा. गिरीश उभा राहिला. आधार न घेता उभा राहिला. बंदूक खांद्याला लागली, नळी पक्ष्याबरोबर फिरली आणि बार झाला. हवेत पिसं उडाली. पक्षी डगमगला, थोडा पुढं गेला आणि पट्ट्याच्या पलीकडं उतरत उतरत पडला.

“पाहिलंस?” गिरीश म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिनं वर्षभरात पाहिलं नव्हतं. “पाहिलंस का?”

“पाहिलं. बस तू. मी आणते.”

हे आपण कसं म्हणालो, याचं तिला चालता चालता आश्चर्य वाटलं. पायांखाली सूर्यफुलाचे खुंट टोचत होते. पक्षी सापडायला वेळ लागला, कारण तो पडला होता तिथं नव्हता. तो चालत होता. एक पंख जमिनीवर फरफटत होता आणि तो खुंटांमधून तिच्यापासून लांब जात होता, पडत होता, पुन्हा उठत होता. तिनं डोक्यावरची कॅप काढून त्याच्यावर घातली. उचलला तेव्हा त्याचं काळीज तिच्या बोटांना लागत होतं. इतकं वेगानं काही चालू शकतं हे तिला माहीत नव्हतं. डोळ्याभोवती निळसर कडा होती. तो तिच्याकडं बघत होता की कुठंच बघत नव्हता, ते कळत नव्हतं.

ती परत आली. गिरीशच्या पायाशी तीन रिकाम्या नळ्या पडल्या होत्या. तिन्ही हिरव्या.

“गिरीश, ही हिरवी आहेत.”

तो तिच्या हातातल्या पक्ष्याकडं बघत होता.

“हिरवी का आहेत ही?”

“आधी तो इकडं दे,” तो म्हणाला. “जिवंत आहे ना? दे लवकर.”

तिनं दिला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला, मान धरायला गेला आणि पक्षी निसटून त्याच्या मांडीवर पडला, चांगला पंख फडफडवत. त्यानं पुन्हा धरला. बोटं मानेपाशी गेली, पण त्यांना काय लागतंय तेच त्याला कळत नव्हतं. नुसती दाबत होती, चुकीच्या जागी. पक्ष्यानं चोच उघडली. आवाज आला नाही. गिरीशनं हात सैल केले आणि तिच्याकडं पाहिलं.

“जमत नाहीये मला.”

“डेलला बोलावते.”

“तो तळ्यापलीकडं आहे. येईपर्यंत हा असाच राहील, उल्का.”

तिनं आजूबाजूला पाहिलं. सगळीकडं ऊन आणि खुंट. लांबवर बार चालू होते.

“सांग काय करायचं,” ती म्हणाली.

गॅरेजमध्ये सांगायचा तशाच आवाजात त्यानं सांगितलं. अंगठा कुठं ठेवायचा, दुसऱ्या हातानं काय धरायचं. एकदम करायचं, थांबायचं नाही. पहिल्यांदा ती थांबली. तिला वाटलं झालं, आणि झालेलं नव्हतं. दुसऱ्यांदा तिनं डोळे मिटले नाहीत आणि थांबली नाही.

मग हातात नुसतं वजन उरलं. फारसं नव्हतं. गरम होतं आणि बराच वेळ गरमच राहिलं.

गिरीशनं बंदूक उघडून रिकामी केली आणि केसमध्ये ठेवली. उल्कानं बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, पुन्हा धुतले. डेल आला तेव्हा दोघं शेजारी शेजारी बसलेले होते. त्यानं दोघांचे चेहरे पाहिले आणि पक्षी उचलून घेतला.

परतताना गाडी उल्का चालवत होती. फ्रीवे लागला.

“तू डबा बदललास,” ती म्हणाली.

“हो.”

“मी लाल भरून दिली होती.”

“त्यातली गुरुवारी दोन उडवून पाहिली, रेंजवर. खांदा असा दुखला, झोपता आलं नाही मग. तुला सांगितलं नाही.” तो खिडकीबाहेर बघत होता. “म्हटलं, हिरवी घेऊ. अगदी जवळ आला तरच उडवायचं.”

“तो जवळ नव्हता.”

“नव्हता. पण इतका सुरेख आला ना तो. मला वाटलं, हा शेवटचा.”

“ती मी भरली होती, गिरीश.” तिचा आवाज चढला आणि फाटला. “तुला दुखू नये म्हणून भरली होती. तूच सांगितलं होतंस मला, पक्ष्यासाठी नाही म्हणून. तू सांगितलं होतंस आणि तूच—”

“मला माफ कर.”

“मला माफ कर म्हणू नकोस. त्या पक्ष्याला काय त्याचं.”

मेकनच्या पुढं एका गॅस स्टेशनला तिनं गाडी थांबवली. आत जाऊन त्याच्यासाठी जिंजर एल घेतलं, कारण दुपारनंतर त्याला मळमळायचं. बाहेर आली तर तो गाडीत डोक्यावर दोन्ही हात ठेवून बसला होता. तिनं बाटलीचं झाकण उघडून दिलं. त्याला ते उघडता आलं नसतं.

सोमवारी ह्यूस्टनला कळवायचं होतं. सोमवारी उल्कानं फोन केला नाही. मंगळवारी तिकडून फोन आला, तेव्हा ती मागच्या अंगणात जाऊन बोलली. आठवडा असाच गेला. शेवटी त्यानंच विषय काढला, तोही गॅरेजमध्ये. ती तिथं कागदी खोके घडी करत होती.

“ह्यूस्टनचं काय झालं?”

“कॅन्सल केलं.”

तो खुर्चीवर बसला. “मला न विचारता?”

“तू नाहीच म्हणणार होतास.”

“हो. पण तू भांडशील असं वाटलं होतं मला.”

“मलाही वाटलं होतं.”

“मग?”

“मला आता तुला त्रास होताना बघायचं नाहीये,” ती म्हणाली. “पुरे.” आणि खोके तसेच टाकून ती आत निघून गेली.

प्रीता फोनवर ओरडली. “सो यू आर जस्ट गिव्हिंग अप? बोथ ऑफ यू?” मग रडली, मग रजा टाकून आली. हॉस्पिसची नर्स आठवड्यातून दोनदा घरी येऊ लागली, आता त्याला दुखू नये एवढंच बघायला. फॅमिली रूममध्ये, मोठ्या खिडकीजवळ पलंग लावला. ऑक्टोबरभर तो बऱ्यापैकी होता. डेल यायचा, टीव्हीवर कॉलेज फुटबॉल लावायचा, दोघं बघता बघता झोपायचे. उल्कानं साबुदाण्याची खिचडी केली तर गिरीश दोन घास खायचा आणि पोट भरलं म्हणायचा.

नोव्हेंबरमध्ये मॉर्फिन वाढलं. एका दुपारी प्रीता औषधं आणायला गेली होती. गिरीशला जाग आली आणि त्यानं विचारलं, “त्याला फार दुखलं का गं?”

कुणाला, हे तिनं विचारलं नाही. “नाही. पटकन झालं.”

“खोटं बोलतेस.”

“हो.”

त्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला. त्याला ते बोटांत कळलं असेल की नाही कोण जाणे, म्हणून तिनं त्याच्या मनगटावरही हात ठेवला, तिथं अजून कळायचं.

थँक्सगिव्हिंगच्या आठवडाभर आधी तो गेला. सकाळची वेळ होती, दोघी जवळ होत्या. फार धडपड झाली नाही. फ्युनरल होममध्ये मंडळातली माणसं पांढरे कपडे घालून आली आणि डेल काळ्या सुटात शेवटच्या रांगेत उभा राहिला. कुणीतरी त्याला पुढं बोलावलं, तर त्यानं हातानंच नको म्हटलं.

डिसेंबरमध्ये डेल ट्रक घेऊन आला. दारू आणि प्रायमर असे घरात ठेवणं बरं नव्हतं. प्रेस त्यानं बोल्ट काढून सोडवला. लाल आणि हिरवी, भरलेली सगळी काडतुसं वेगवेगळ्या खोक्यांत भरून दिली उल्कानं. हिरवी रेंजवर नव्यानं शिकायला येणाऱ्यांना दे, म्हणाली, आणि पक्ष्यावर कुणी वापरणार नाही एवढं बघ. डेल म्हणाला, यस मॅम. ट्रकचं दार लावून तो बराच वेळ ड्राइव्हवेवर उभा राहिला, टोपी हातात घेऊन. मग तिला न मिठी मारता, न हात देता तसाच निघून गेला.

प्रीता जानेवारीत शिकागोला परतणार होती. जायच्या आदल्या दिवशी ती डिशवॉशरमधली भांडी काढत होती. “आई, कॅन आय आस्क यू समथिंग? बाबा म्हणाले होते, त्या दिवशी शेतावर यू डिड समथिंग ही कुडन्ट डू. पुढं काही सांगितलंच नाही त्यांनी.”

उल्कानं सगळं सांगितलं. हिरवी नळी, पक्षी, त्याची बोटं, पहिल्यांदा थांबलेला तिचा हात. प्रीता हातात ताटली घेऊन ऐकत राहिली.

“इज दॅट व्हाय? ह्यूस्टनचं तू त्यामुळे कॅन्सल केलंस?”

“हो. बहुतेक.”

“वेअर यू शुअर?”

उल्कानं तिच्या हातातून ताटली घेतली आणि कपाटात ठेवली. त्या औषधानं त्याला आणखी एक उन्हाळा मिळाला असता का, नुसते हाल मिळाले असते का, हे तिनं रोज स्वतःला विचारलं होतं. डॉक्टरांनाही एकदा विचारलं होतं. तेही काही सांगू शकले नव्हते.

“नाही,” ती म्हणाली. “तेव्हाही नव्हते. अजूनही नाही.”

प्रीता जवळ आली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. बाहेर शेजारचा माणूस पानं उडवायचं मशीन चालवत होता. ते बंद होईपर्यंत दोघी तशाच उभ्या होत्या, मग प्रीतानं बॅग भरायला घेतली आणि उल्कानं तांदूळ धुतले.